टेकडीची राखण

पुण्यात टेकडीवर जाणे हा अनेक घरांत सकाळच्या चहाइतकाच ठरलेला नेम आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती, बाणेर-पाषाणची टेकडी अशा साऱ्या ठिकाणी उजाडण्याच्या आधीपासून पायवाटांवर माणसांची ये-जा सुरू होते आणि त्यांत पांढऱ्या केसांची संख्या मोठी असते. कोणी झपाझप चालत असतो, कोणी कट्ट्यावर प्राणायाम करीत बसलेला असतो, कोणी हास्यमंडळात सामील झालेला असतो. या गर्दीकडे थोडे लक्ष देऊन पाहिले तर आणखी एका प्रकारची माणसे दिसतात. त्यांच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या असतात, पिशवीत खुरपे किंवा विळा असतो. ती मळलेली वाट सोडून गवतात शिरतात, एखाद्या गुडघाभर उंचीच्या रोपापाशी थांबतात, त्याच्या बुंध्याभोवतीचे दगड सारखे करतात, पाणी घालतात आणि पुढच्या रोपाकडे वळतात.

हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या माणसांविषयी आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीने आपल्या परिसरातील राखीव टेकडी, वनजमीन, तळ्याचा काठ किंवा देवराई यांची स्वेच्छेने निगा राखण्याचे काम पत्करावे काय, पत्करल्यास ते शरीराला कितपत झेपते आणि घरात आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना त्यातून काही मिळते काय, हे प्रश्न आरोग्याच्याच कक्षेतले आहेत. पुण्याच्या टेकड्यांचे उदाहरण जवळचे म्हणून घेतले आहे. नाशिक, कोल्हापूर, नागपूर किंवा गोव्यातील वाचकांनी आपल्या गावाची जमीन डोळ्यांपुढे आणावी.

माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षक पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर पडेनासे झाले. वय ७४, मधुमेह जुना, गुडघे कुरकुरणारे. मुलाने काळजीपोटी घरात चालण्याचे यंत्र आणून ठेवले. त्यावर काही दिवसांतच टॉवेल वाळू लागले. एप्रिल महिन्यात शेजारच्या गृहस्थांना लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी जावे लागले. ते टेकडीवर चार रोपांना पाणी घालीत असत. महिनाभर ती चार रोपे सांभाळाल का, असे त्यांनी या शिक्षकांना विचारले. व्यायामासाठी, साखरेसाठी, मन रमवण्यासाठी चला असे सांगणाऱ्यांना या गृहस्थांनी वर्षभर नकार दिला होता. या विनंतीला मात्र त्यांना नकार देता आला नाही, कारण आपण गेलो नाही तर रोपे मरतील हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्या उन्हाळ्यात चारांपैकी एक रोप गेले. कोणते आणि कोणत्या आठवड्यात, हे ते आजही सांगतात. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या रक्तातील साखरेत फारसा फरक पडला नाही. पण ते पुन्हा स्वतःपुरता स्वयंपाक करू लागले, आणि वेळेवर जेवू लागले.

येथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. वार्धक्यात आपल्या प्रकृतीची काळजी घेणारे पुष्कळ असतात, परंतु आपल्यावाचून अडेल असे काम हळूहळू एकेक करून काढून घेतले जाते. बँकेचे व्यवहार मुलगा पाहतो, भाजी घरपोच येते, नातवंडे मोठी होतात. प्रेमापोटीच हे सारे घडते, म्हणून त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. अशा वेळी एखाद्या सजीवाला आपल्या येण्याची गरज असणे ही औषधाच्या चिठ्ठीवर न लिहिता येणारी बाब आहे. निसर्गाच्या सान्निध्याचे गुणगान आपण नेहमी ऐकतो. माझ्या मते सान्निध्यापेक्षा ही जबाबदारीच माणसाला अंथरुणातून उठवते.

शरीराच्या बाजूनेही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत आणि पडणे टाळण्यासाठी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. यांतील पहिली गोष्ट सपाट रस्त्यावर चालून साधते, उरलेल्या दोन साधत नाहीत. उंचसखल जमिनीवर पाऊल टाकणे, हात लांबवून फांदी धरणे, वळणे, वाकणे, थोडे ओझे उचलून पुन्हा खाली ठेवणे या हालचाली जमिनीची निगा राखताना ओघाने होतात. व्यायाम म्हणून मोजून केल्या तर कंटाळवाण्या वाटणाऱ्या याच हालचाली कामात कळतही नाहीत. मात्र कामातली हालचाल मोजलेली नसते, त्यामुळे ती अंगावर येण्याचाही संभव असतो. त्याकडे पुढे वळू.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यातील सॉनिंग कॉमन या गावी विल्यम बर्ड या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात हाच विचार पद्धतशीरपणे अमलात आणला. व्यायामशाळेत न जाणारे त्यांचे रुग्ण निसर्गरक्षणाच्या कामाला मात्र येत. तेथील निसर्गरक्षक स्वयंसेवकांच्या संस्थेच्या साहाय्याने ‘ग्रीन जिम’ नावाचा उपक्रम उभा राहिला. प्रारंभी अंग मोकळे करण्याच्या हालचाली, मग झुडपे छाटणे, रोपे लावणे, पायवाटा दुरुस्त करणे अशी कामे, मध्ये चहा, शेवटी पुन्हा अंग सैल करणे, असा त्याचा क्रम आहे. चहाची सुट्टी त्यात नेमाने ठेवलेली आहे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यातील रहिवाशांचा वीस वर्षांच्या अंतराने अभ्यास झाला होता. मध्यमवयात पर्यावरणाच्या कामात स्वयंसेवक असलेल्यांची हालचाल, प्रकृतीविषयीचे त्यांचे स्वतःचे मत आणि मनाची उभारी वीस वर्षांनंतर इतरांपेक्षा बरी असल्याचे त्यात दिसले. मात्र असे निष्कर्ष वाचताना थोडे सावध असावे. ज्यांची प्रकृती मुळात ठणठणीत तीच माणसे स्वयंसेवक होतात, असेही असू शकते. संशोधक हे गणित सोडवण्याचा प्रयत्न करतात, पण ते पूर्णपणे सुटत नाही.

आता जमिनीकडे वळू. ज्येष्ठांना बरे वाटावे म्हणून टेकडी नाही. तिच्या स्वतःच्या गरजा आहेत आणि त्या न समजता केलेली सेवा तिला अपायकारक ठरू शकते.

पुण्याच्या टेकड्या पर्जन्यछायेच्या बाजूला आहेत. काळ्या कातळावर मुरमाचा पातळ थर, त्यावर गवत आणि मधूनमधून काटेरी झुडपे व पानगळीची झाडे, हे त्यांचे मूळ रूप. कुसळी, पवना, मारवेल ही गवते, सालई, मोई, गणेर, पळस, पांगारा, मेडशिंगी, खैर, हिवर ही झाडे. उन्हाळ्यात यांतील बहुतेक झाडे निष्पर्ण होतात, गवत पिवळे पडते आणि शहरातील माणसाला टेकडी ‘ओसाड’ वाटू लागते. या एका शब्दाने फार नुकसान केले आहे. ओसाड समजून अनेक ठिकाणी झटपट हिरवी होणारी परदेशी झाडे लावण्यात आली. गिरिपुष्प हे त्यांतले ठळक उदाहरण. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड, आपल्याकडे त्याला उंदीरमारीही म्हणतात. ते जगते, वाढते, फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी बहरते आणि पाहणाऱ्याला सुखावते. पण त्याच्या दाट राईखाली मूळचे गवत टिकत नाही. चंडोल आणि टिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांना मोकळे माळरान लागते, सावली नव्हे. म्हणून मोकळी जागा दिसली की झाड लावायचे हा उत्साह आवरावा लागतो. आता ही झाडे सरसकट तोडावीत असेही नाही. त्यांच्या फांद्या टप्प्याटप्प्याने उतरवून मध्ये स्थानिक रोपे वाढवणे हे जाणकारांच्या देखरेखीखाली होणारे काम आहे आणि त्याला वर्षे लागतात.

स्थानिक झाडे ओळखण्याच्या बाबतीत ज्येष्ठांचा मोठा उपयोग होतो. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना मोई कोणती, मेडशिंगीच्या शेंगा कशा असतात, पत्रावळीला पळसाची कोणती पाने घ्यावीत, कुसळे कोणत्या महिन्यात धोतराला चिकटतात हे आजही आठवते. टेकडीवर काम करणाऱ्या गटांतील तरुण मंडळी झाडांची शास्त्रीय नावे मोबाइलवर शोधतात आणि मग आजीबाईंना विचारतात की, आजी, तुमच्या गावाकडे याला काय म्हणायचे? या देवाणघेवाणीत कोणी कोणावर उपकार करीत नाही. ‘काका, तुम्ही फक्त जागा सांगा, खड्डा आम्ही घेतो’ अशी कामाची वाटणी बहुतेक गटांत आपोआप होते आणि ती योग्यही आहे. दीड फूट खोल खड्डा मुरमात पहारीने खणणे हे सत्तरीतल्या कमरेचे काम नव्हे.

राखण ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सह्याद्रीच्या परिसरात, कोकणात आणि गोव्यात देवाच्या नावाने राखलेल्या राया पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांच्या नोंदी घेऊन त्यांचे शास्त्रीय महत्त्व जगापुढे मांडले. देवराईतून वाळलेली फांदीही न उचलण्याचा दंडक अनेक गावांनी पाळला, त्यामागे श्रद्धा होती तसे भयही होते. वेताळ टेकडीच्या माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे आणि टेकडीला नावही त्याचेच. शहरात आज ते भय उरलेले नाही, त्यामुळे राखणदाराची जागा माणसांनाच घ्यावी लागते.

हे काम वर्षभर सारखे नसते. ५ जूनला पर्यावरणदिनी रोपे लावण्याचे समारंभ होतात, छायाचित्रे निघतात. पण त्या तारखेला आपल्याकडे पाऊस स्थिरावलेला नसतो, आणि घाईने लावलेली रोपे जूनच्याच उघडिपीत माना टाकतात. मे महिन्यात खड्डे तयार ठेवावेत आणि दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन मुरली की लागवड करावी, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. श्रावण-भाद्रपदात रोपांभोवतीचे तण काढणे हे काम असते. दिवाळीनंतर गवत वाळू लागले की वणव्याचा मोसम सुरू होतो. गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते या समजुतीने, कधी विडीच्या थोटकाने, कधी निव्वळ खोडसाळपणाने आग लागते आणि तीन वर्षे जोपासलेली रोपे एका दुपारी जातात. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात जाळरेषा काढतात, म्हणजे काही फूट रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापून आगीची वाट अडवतात. आणि मग येतो फाल्गुन ते ज्येष्ठ हा कसोटीचा काळ. लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे हाताने पाणी द्यावे लागते. जूनच्या समारंभाला शंभर माणसे असतात, मार्चमध्ये पाच उरतात. ती पाच बहुधा निवृत्त असतात.

पाणी वाहून नेण्याची एक रीत सांगण्याजोगी आहे. पाच लिटरचा कॅन एका हातात धरून चढ चढल्यास कणा एका बाजूला झुकतो आणि तोलही जातो. त्याऐवजी दोन्ही हातांत एकेक लिटरच्या बाटल्या घ्याव्यात किंवा पाठीवरच्या पिशवीत त्या सारख्या वाटून ठेवाव्यात. काठी वापरणाऱ्यांनी हातात काही न घेता फक्त पाठीवर ओझे घ्यावे, तेही दोन लिटरच्या आतच. रोपाच्या बुंध्याभोवती चपटे दगड रचले तर त्यांच्या खालचा ओलावा अधिक काळ टिकतो. वाळल्या गवताचे आच्छादनही चालते, पण वणव्याच्या दिवसांत दगडच बरे.

घरी रुग्णाची सेवा करणाऱ्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात एव्हाना आले असेल की आपल्याला इतका वेळ कोठून मिळणार? पार्किन्सन्सने आजारी असलेल्या पतीची शुश्रूषा करणाऱ्या एक साठी ओलांडलेल्या बाई दर रविवारी सकाळी दोन तास टेकडीवर येतात. तेवढा वेळ त्यांची नणंद भावाजवळ येऊन बसते. सुरुवातीला त्यांना फार अपराधी वाटे, चपला घालतानाही. आता त्या सांगतात की आठवडाभर भेटणारा प्रत्येक जण पतीची प्रकृती विचारतो, टेकडीवर मात्र त्यांना त्यांच्या मेडशिंगीला पालवी फुटली का हे विचारतात. शुश्रूषा करणाऱ्याला विसावा हवा असे आपण म्हणतो आणि विसावा म्हणजे झोप किंवा दूरदर्शन असे गृहीत धरतो. ज्याच्या दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याच्या आजाराने आखलेला आहे, त्याला आजारपणाशी संबंध नसलेले एखादे काम आणि आजारपणाशी संबंध नसलेली चार माणसे हवी असतात. घरातील इतरांनी हे दोन तास मागण्याची वेळ त्या व्यक्तीवर आणू नये. आपणहून ठरवून द्यावेत.

स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभिक अवस्थेतील व्यक्तींनाही सोबतीने नेता येते. त्यांना एकच काम द्यावे, दर वेळी तेच आणि त्याच वाटेने जावे. अमुक पाच रोपांना बाटलीतले पाणी ओतणे हे काम हातांना आठवते. चुकले तर काही बिघडत नाही, एखाद्या रोपाला दोनदा पाणी मिळते इतकेच. मात्र अशा व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये. खिशात नाव, नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक आणि आजाराचा उल्लेख असलेले कार्ड ठेवावे. चढाच्या टेकडीपेक्षा तळ्याकाठची सपाट जागा त्यांच्यासाठी सोयीची.

आता सावधगिरीविषयी, आणि यात मी हात आखडता घेणार नाही. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा पूर्वी पक्षाघात झालेला असल्यास कामाला लागण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. ‘टेकडीवर जाऊ का’ असे मोघम विचारू नये. किती चढ आहे, किती ओझे उचलायचे आहे, किती वेळ वाकायचे आहे हे सांगून विचारावे, म्हणजे उत्तरही नेमके मिळते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून एकदम उभे राहताना भोवळ येते. तण काढून झाल्यावर आधी सरळ बसावे, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि मग कशाचा तरी आधार घेऊन उठावे. उकिडवे बसणे टाळावे, लहान स्टूल किंवा लांब दांड्याचे अवजार वापरावे. कंबरेतून वाकण्याऐवजी पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकावे. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांना साधा काटाही बराच काळ रक्त वाहवतो, त्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड हातमोजे घालावेत. मधुमेहींनी बंद बूट घालावेत, घरी आल्यावर तळपाय नीट तपासावेत आणि साखर अचानक उतरल्यास घेण्यासाठी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. रिकाम्या पोटी इन्सुलिन घेऊन चढू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास डॉक्टर सांगतील तोवर धुळीचे काम वर्ज्य. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते, आपली शेवटची कधी झाली हे अनेकांना आठवतच नाही.

वय वाढते तशी तहान मंदावते. शरीराला पाण्याची गरज असते, पण जीभ ते सांगत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास अधिक होतो. मार्चपासून पुढे सकाळी नऊच्या आत काम आटोपावे आणि रोपांसाठी नेलेल्या पाण्याखेरीज स्वतःसाठी वेगळी बाटली असावी. हे सांगायचे कारण, रोपांना पाणी पुरावे म्हणून स्वतः न पिणारी माणसे मी पाहिली आहेत.

गाजरगवताविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात त्याची नोंद झाली आणि आयात गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथून ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने काहींच्या त्वचेला चिवट स्वरूपाचा दाह होतो आणि परागांमुळे सर्दी-दमा बळावतो. ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे, हातमोजे आणि मुखपट्टी वापरून. ज्यांना दमा किंवा इसब आहे त्यांनी या कामाला हातच लावू नये. जाळरेषा किंवा पाणी ही कामे पुष्कळ पडलेली असतात. घाणेरीच्या जाळ्या उपटण्याचे कामही काटेरी आणि ताकदीचे आहे, ते तरुणांवर सोपवावे.

टेकड्यांच्या दगडांत घोणस आणि फुरसे असू शकतात. दगड उचलताना हात खाली घालू नये, आधी काठीने सरकवावा. दंश झालाच तर दोरी बांधणे, चिरा देणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. अवयव स्थिर ठेवून, रुग्णाला शक्यतो न चालवता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पावसाळ्यात व नंतरच्या महिन्यांत गवतातील सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस हा ताप येऊ शकतो. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याचे अनेक रुग्ण आढळले होते. ताप आला तर आपण गवतात काम केले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि अंगावर, विशेषतः काखेत वा जांघेत, काळी खपली आहे का हे पाहावे. वेळेवर ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. उशीर झाल्यास तो जिवावर बेततो. वणवा दिसला तर ज्येष्ठांनी तो विझवायला धावू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दूर जावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

एकट्याने जाण्यापेक्षा गटाबरोबर जावे, याला सुरक्षेखेरीज आणखी एक कारण आहे. टेकडी बहुधा वनविभागाची किंवा महानगरपालिकेची असते. परवानगीवाचून तेथे खड्डा घेणे, रोप लावणे किंवा फांदी तोडणे नियमात बसत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. स्थानिक गटांनी सहसा वनाधिकाऱ्यांशी बोलून जागा ठरवून घेतलेली असते. अशा गटांत थोडे भांडणही असते, कोणते झाड लावायचे यावरून विशेषतः. त्याची मला काळजी वाटत नाही, कारण सत्तरीत एखाद्या गोष्टीवरून तावातावाने वाद घालावासा वाटणे ही चांगलीच खूण आहे. गटांमुळे आणखी एक घडते. रोज टेकडीवर जाणाऱ्यांचे डोळे तेथे असतात. राडारोड्याचा ट्रक रिकामा होतो आहे, कुंपण सरकते आहे, हे त्यांनाच प्रथम दिसते. पुण्यात १९९७ साली समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण यावे आणि टिकावे यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. नकाशावरचे आरक्षण प्रत्यक्ष जमिनीवर टिकायचे तर तेथे माणसांचा वावर लागतो.

ज्यांना आता चढ झेपत नाही त्यांच्यासाठीही काम आहे, आणि टेकडीवरच्या गटांना त्याची निकड असते. स्थानिक झाडांची रोपे रोपवाटिकांत सहजी मिळत नाहीत. गॅलरीत दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत ती तयार करता येतात. पिशवीला तळाशी चार-पाच भोके पाडून निम्मी माती, उरलेल्या जागेत वाळू आणि कुजलेले शेणखत भरावे. कडुनिंबाचे बी पिकल्यावर थोड्याच आठवड्यांत निकामी होते, म्हणून ते ताजेच पेरावे. बहाव्याचे बी याउलट फार कठीण कवचाचे, ते खरखरीत फरशीवर किंवा पॉलिश कागदावर घासून, रात्रभर पाण्यात भिजवून मग पेरावे. पळसाची चपटी बी वरच्यावरच, अर्धा इंच मातीखाली चालते. पाणी झारीने द्यावे, ओतू नये. पहिल्या वर्षी रोप टेकडीवर पाठवण्याची घाई न करता दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत घरीच वाढू द्यावे, त्यासाठी मोठी पिशवी लागेल. प्रत्येक पिशवीवर झाडाचे नाव आणि पेरल्याची तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावी, कारण दोन पानांवर आलेली सारी रोपे सारखीच दिसतात.